मी नुसतं ‘हं’ म्हणालो

४ फेब्रुवारी, मंगळवार

हौदाला खरं काय लागलं ते इथं तरी लिहावं. सिमेंट अकरा पोती – नवी, विकत घेतलेली. वाळू साइटवर उरलेली. निळ्या टाइल्स एका बंगलेवाल्या बाईंना रंग आवडला नाही म्हणून परत आलेल्या. वॉटरप्रूफिंगची पावडर गोदामातली, मुदत संपून वर्ष झालेली. मजुरी नाही. मिस्त्रीनं सेवा म्हणून काम केलं. म्हणजे माझ्या खिशातून गेलं ते सिमेंट. आणि रविवारी पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, बाप्तिस्म्याचा हौद शेठजींनी बांधून दिला, आता आपल्याला दुसऱ्यांच्या दारात जायला नको. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस.

पोती टेम्पोत चढवतानाच मिस्त्री म्हणाला होता, “शेठ, आत गाठी झाल्यात. उतरलीय ही पावडर.” मी म्हटलं, “चाळून घे. देवाचं काम आहे, तो घेईल सांभाळून.”

माझ्या टेम्पोवर काय लिहिलंय? गळती कुठलीही असो, बंद करून देऊ!

६ फेब्रुवारी, गुरुवार

बायको स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, असंच.

सहा वर्षं झाली तिच्या बाप्तिस्म्याला. तेव्हा मी म्हणालो होतो, हे हसणं महिनाभर टिकेल. टिकलं. बहीण गेली तिची, तेव्हा आठवडाभर रडली, आणि त्या रडण्याच्या खालीही काहीतरी शाबूत होतं. मला ऐकू येतं तसलं. टाइलवर कुणी नाणं वाजवलं की आतून भरीव की पोकळ हे मी खोलीच्या दारातून सांगतो, सगळ्या धंद्यात माझ्या कानांचं नाव आहे. तिचा आवाज भरीव आहे. माझा आनंद गिऱ्हाइकाला चावी देईपर्यंत. दुसऱ्या दिवशी नवं टेंडर, नवी कटकट, आणि आत ठण ठण.

म्हणून जानेवारीत पाळकांकडे गेलो. म्हटलं, मला पण द्या बाप्तिस्मा. म्हणाले, “चर्चची वडीलमंडळी बसून ठरवतील, शेठजी. घाई नको.” मला राग आला. हौद मी बांधतोय आणि ठरवणार हे!

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर हौद काठोकाठ भरला. सगळे कडेनं उभे. मुलांनी हात बुडवले. मी मध्ये उभा राहून सांगितलं की हा हौद माझ्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल.

चहा होईपर्यंत मागच्या भिंतीवर ओल आली. मग धार. भिंतीमागच्या कपाटात गीतांची पुस्तकं ठेवलेली – खालचे दोन्ही खण भिजले. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई एकेक पुस्तक उघडून उन्हात मांडत बसल्या. मला कुणी काही म्हणालं नाही.

पाळकांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाले, “मिस्त्रींचा हात आता थकलाय का हो?”

मी नुसतं ‘हं’ म्हणालो.

‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. हं. मिस्त्री दोन हात अंतरावर उकिडवा बसून पोतेऱ्यानं पाणी ओढत होता. त्यानं ऐकलं. मान वर केली नाही. जिन्यात मुख्याध्यापिका बाई कुणाला तरी सांगत होत्या, “शाळेच्या टाकीचं काम मिस्त्रींनाच देणार होते मी. आता विचार करावा लागेल.”

मिस्त्री आणि मी एकाच दिवशी एकाच मुकादमाकडे घमेली उचलायला लागलो. मला थापी धरायला त्यानं शिकवलं. चारचौघांत मला शेठ म्हणतो, एकटे असलो की बारक्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर कामं. ते ‘हं’ डोक्यातून जात नाही. तंबाखूच्या चिमटीएवढं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळकसाहेब आणि वडीलमंडळीतले दोघं घरी आले. बसले, पाणी प्यायले. बायकोला हसून काहीतरी म्हणाले. मग मला सांगितलं, “ठरलं शेठजी. दोन मार्चला तुमचा बाप्तिस्मा. तोवर हौद दुरुस्त होईल. आणि त्या दिवशी तुम्ही साक्ष द्यायची. देवानं तुमच्यासाठी काय केलं ते तुमच्या शब्दांत.”

मी म्हटलं, मोठी कृपा. गेट बंद करून आलो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. साधी माणसं आहेत. फसली बिचारी. आयुष्यात इतके सौदे केले, समोरचा फसला की आत गुदगुल्या व्हायच्या. आज झाल्या नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रार्थनागृहावरून टेम्पो चालला होता, आतून छिन्नीचा आवाज आला म्हणून थांबलो. मिस्त्री हौदात उतरून जुना गिलावा फोडत होता. एकटा.

म्हटलं, “तुला कुणी सांगितलं?”

“पाळकांनी बोलावलं.”

“मी माणसं पाठवतो की.”

“नको. माझं काम आहे ते.”

हे ‘माझं काम’ काळजात रुतलं. मी म्हटलं, “आज नवी पावडर पाठवतो. सगळ्यात भारी.” तो म्हणाला, “पाठव.” मग हसून, “तारीख बघून घे, बारक्या.”

एवढंच. ना टोमणा, ना राग. शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या आणि दोघं चहाला गेलो असतो. त्यानं तीही सोय ठेवली नाही.

पावडर पाठवली. पाच पोती. पावडरीनं ‘हं’ बुजत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बोलायचंच असं ठरवून गेलो. पाळकांचं प्रवचन आनंदावर. म्हणाले, “आनंद कमावता आला असता, तर इथं सगळ्यात सुखी आपले शेठजी असते.” लोक हसले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. माझं हसणं मलाच ऐकू आलं – बद्द! टाइलखाली माल पोचला नाही की असंच वाजतं.

पुढे म्हणाले, ख्रिस्त आपल्याला ओळखून जवळ घेतो, चुकून नाही. हे सगळ्यांसाठी होतं. मी मात्र बुटांकडे बघत बसलो.

शेवटी पाळकांना दारात गाठलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, “माइकमध्ये घरघर येतेय, माणूस पाठवू का?”

२६ फेब्रुवारी, बुधवार

साक्ष लिहायला बसलो. गरिबी, घमेलं, पहिला टेम्पो – झकास जमलं. बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

“कसं वाटलं?”

“छान आहे. तुमचा सत्कार आहे का?”

मी कागद परत वरून वाचायला लागलो.

“अहो, साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते. ह्यात सगळं तुम्हीच केलंय. त्याला कुठं जागाच नाही.”

म्हटलं, मग काय लिहू? म्हणाली, “जे सांगायला लाज वाटते ना, त्याच्या आसपास बघा. तो बहुतेक तिथंच उभा असतो.”

म्हटलं, “तुला काही कळलंय का?”

“मला काय कळायचंय? भिंतीला कान तुम्ही लावता.” आणि हसली. भरीव.

कागद फाडला.

१ मार्च, शनिवार

हौद भरून ठेवलाय. मागच्या भिंतीला कान लावून पाहिला. टिप्पूस नाही. मिस्त्रीचा हात थकलेला नाही, कधीच नव्हता. उद्या ह्याच पाण्यात मी उतरायचं. ‘हं’ घेऊन उतरलो तर नुसती आंघोळ.

नाही सांगितलं तर? कुणाला कळणार नाही. धंद्यातला माणूस आहे मी, हा हिशेबही केला. मिस्त्री मेला तरी बोलणार नाही. त्याचं नाव जाईल, माझं राहील. बायकोसारखं मोकळं हसणं मात्र ह्या जन्मी नाही.

२ मार्च, रविवार

सांगितलं!

पांढऱ्या झग्यात उभा राहिलो. म्हणालो, “हौद गळला तो मिस्त्रीमुळे नाही. पावडर मी दिली, मुदत संपलेली. मिस्त्रीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग पाळकांनी विचारलं त्याचा हात थकलाय का, तेव्हा मी हं म्हणालो. देवाला मी गोदामातला माल दिला आणि नाव माझं लावून घेतलं. माझी साक्ष एवढीच. त्यानं माझ्यासाठी काय केलं म्हणाल, तर मला गप्प बसू दिलं नाही.”

मुख्याध्यापिका बाईंनी डोळे पुसले. पाळकांनी फक्त “या” म्हटलं आणि हात पुढे केला. पाणी गार. पाठीवर त्यांचा पंजा. खाली गेलो तेव्हा नाकात पाणी शिरलं, आणि वर आलो तो खोकत, आणि खोकता खोकता हसू फुटलं. थांबेना. कशाचं ते कळेना. चावी देताना होतो तो आनंद मला ओळखू येतो, हा तो नव्हता. कुणाला काही द्यायचं नव्हतं, कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. मिस्त्री काठावर टॉवेल धरून उभा. “बारक्या, पुरे, सर्दी होईल.” सगळ्यांसमोर बारक्या म्हणाला.

आता रात्रीची जेवणं झाली तरी ते आहे. हात लावून बघावं तसं मधूनमधून तपासतोय. आहे.

आणि हेही लिहितो. एवढ्या लोकांसमोर आपणहून सांगायला छाती लागते. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंच नसतं. ह्या मंडळीत असं आजवर कुणी केलं नसेल. पार सुन्न झाले होते सगळे.

३ मार्च, सोमवार

साइटवर मिस्त्रीला विचारलं, काल कसं बोललो? तो थापी धूत होता. म्हणाला, “बरं बोललास. आम्हाला ठाऊक होतं.”

मग त्याच्याकडूनच कळलं. पावडरीची पोती चढवताना बायको गोदामातच होती. गळतीच्या दुसऱ्याच दिवशी तिनं पाळकांना सांगितलं. पाळक त्याच संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी जाऊन माफी मागून आले. शाळेची टाकी त्यालाच मिळाली. कुणी त्याला बोल लावू नये म्हणून सगळ्या मंडळीला कळवलं होतं.

मला घ्यायचं की नाही हे ठरवायला वडीलमंडळी बसली, ती त्यानंतर.