साहेबाची टीम जिंकली

शनिवार, शर्क (आखात), १९५८

सकाळी गोरा साहेब म्हणाला, "आज माझ्या गावच्या टीमची फुटबॉल मॅच आहे. दुआ कर." मी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजात ती जिंकावी म्हणून मनापासून दुआ मागितली. संध्याकाळी ऑफिसच्या रेडिओवर निकाल आला, टीम जिंकली. मुबारक म्हणायला गेलो, तर साहेब डोकं धरून बसलेला.

खोलीवर, माझ्यासोबत राहणाऱ्या आणि त्याच ऑफिसातल्या इब्राहिमभाईंनी समजावलं. पैजेच्या कूपनवर मॅचचे निकाल आधीच ओळखायचे, बरोबरीत सुटणाऱ्या मॅचला जास्त गुण, म्हणून साहेबाने बरोबरीवर फुली मारलेली; टीम जिंकली आणि त्याची पैज बुडाली. स्वतःच्या गावच्या मॅचला? बरोबरीची फुली?

"आणि तू जुगारासाठी दुआ मागितलीस," इब्राहिमभाई म्हणाले. "तौबा कर."

तौबा करायला बसलोय. पण माझी दुआ कबूल झाली की नाही, ते आधी कळायला नको?