दुसरा सराव पाठ

प्रिय ताई,

गुडघ्याला शेक देतेस ना? माझी काळजी करू नकोस.

बी.एड.च्या पहिल्या सराव पाठात मी नापास झाले, हे तुला कळवलं नव्हतं. मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "अक्षर सुरेख, पण तुम्ही फळ्यालाच शिकवलंत!" कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर असं आडवं आलं.

आज शेवटची संधी होती. विद्यार्थी म्हणून बसले होते माझेच वर्गमित्र, लेकीच्या वयाचे. खडू त्यांच्याच हाती दिला आणि मी वर्गाकडे तोंड करून उभी राहिले.

"मावशी, घाबरू नका," पहिल्या बाकावरून कुजबूज आली.

बाईंनी शेरा लिहिला, "आता शाळेत पाठवायला हरकत नाही."

सोमवारी खरी पाचवी समोर असेल. भीती आहेच, पण कधी एकदा जाते असं झालंय.

पन्नाशी उलटली तरी तुझी,
धाकटी