नमुन्यात न बसणारी मुलगी

मंगळवार, चामोर्शी

अजून चीड जात नाही. शाळेचा प्रकल्प संपून काही वर्षं झाली, त्यातलं काय टिकलं ते तपासायला मला बोलावलंय. आणि समन्वयक साहेब दिवसभर मला तपासणीचा नमुना म्हणून त्यांनीच निवडलेल्या, शाळेजवळच्याच घरांत फिरवत होते. तिथली मुलं शाळेत जातात, हो. प्रकल्प नसता तरी गेली असती!

शेवटी तळ्याकडच्या वस्तीतली एक बाई आडवी आली. "आमच्या इथी काऊन नाई येत? माह्या पोरीचा फोटो तं छापला तुमी."

खरंच की. प्रकल्पाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर हसणारी मुलगी ती हीच, कविता. आता आईसोबत मासोळीची जाळी विणते. मुलांना शाळेत नेणारी गाडी प्रकल्पाबरोबरच बंद झाली. मधल्या जंगलातून तिला एकटीला कोण पाठवणार?

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, ही आपल्या नमुन्यात येत नाही."

मुखपृष्ठावर चालते, नमुन्यात चालत नाही? किळस आली. मी तिथेच अंगणात बसले आणि मायलेकींशी बोलत राहिले.

कवितानं विचारलं, "गाडी पुन्हा येईल काय, बाई?"

"येईल, येईल," साहेब हसत म्हणाले. तिचा चेहरा एकदम उजळला. मला राहवेना.

"नाही गं. गाडी येणार नाही."

तिनं मान खाली घातली आणि जाळं पुढे ओढलं.

परतताना साहेब माझ्यावरच रागावले. "लेकराचं मन कशाला मोडलं तुम्ही?"

मुक्कामाला पोचेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उद्या तळ्याकडच्या घराघरांत एकटीच जाणार आहे.