नमुना प्रश्न

छत्रपती संभाजीनगर,
शुक्रवार, मे २०२४

तीर्थरूप उमाआत्या,

श्रीरंगचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा असल्याचं बाबांकडून कळलं.) धरण तळाला गेल्यापासून पैठणला वारासुद्धा चुलीतून आल्यासारखा येतो म्हणतात, तेव्हा भर दुपारी गच्चीवर कुरडया राखत बसू नकोस. कावळ्यांनी चार कुरडया नेल्या तर नेल्या. इकडं सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी सोडून. फोन सोडून हा पत्र का लिहायला लागला, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर माझा आवाज चढला की तू "उतरल्यावर कर" म्हणतेस आणि ठेवून देतेस, आणि आज माझा आवाज 'हॅलो'लाच चढला असता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मनकर्णाबाई उद्या सकाळी लेकीकडं पैठणला निघाल्यात, त्यांच्या हाती हे देतोय. (त्या पत्र फोडणार नाहीत. फोडलं तरी चष्मा मोडलाय.)

आत्या, मला जबर धक्का बसलाय. कालपासून अन्न गोड लागत नाही. पण एकदम मुद्द्यावर आलो तर तुला काही कळायचं नाही, म्हणून मुळापासून सांगतो. तू भेटलीस की पहिलं विचारतेस, कॉलेज सोडून हा दिवसभर करतो काय. तर ऐक. माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला सुयश होता, तुझ्याकडं आला तेव्हा वाटी बाजूला सारून पातेल्यातूनच आमटी प्यायला, तो. मी दुसऱ्या वर्षी सरांशी वाद घालून बाहेर पडलो. तो वाद न घालता पास झाला आणि आता शेंद्र्याला कंपनीत आहे. त्यानं फावल्या वेळात एक वेबसाइट काढली, 'विचारून बघा' नावाची. कुणीही मराठीत प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं, आणि विचारणाऱ्याला जे उत्तर पटेल त्याला त्यानं हिरवी खूण करावी. कल्पना उत्तम. पण लोक! एका भल्या माणसानं एकाच प्रश्नात विचारलं की मनुष्यजन्माचं सार्थक कशात आहे आणि अर्धा इंची पाइप कुठं चांगला मिळेल. दुसऱ्यानं नुसतं 'कसं काय मंडळी' असं विचारून खाली सहीच्या जागी गुलाबाचं फूल ठेवलं. सुयश बेजार झाला आणि मला म्हणाला, तू तसाही कुणाचं काही चालू देत नाहीस, तर हे सांभाळ. तेव्हापासून मी तिथला राखणदार आहे. नाव कुठं येत नाही, खाली फक्त 'राखणदार' एवढंच दिसतं. प्रश्न मोघम असला, आधीच कुणी विचारलेला असला किंवा नुसत्या गप्पा असल्या की मी तो बंद करतो आणि कारण लिहितो. जो सुधारण्यासारखा असेल त्याच्या मालकाला खोदून खोदून तपशील विचारतो, फापटपसारा काढतो, मथळा नीट करतो. आणि एखादा अगदी नामी झाला तर त्यावर 'नमुना प्रश्न' असा शिक्का मारून सगळ्यात वर टांगतो, की बाबांनो, असं विचारा.

दुष्काळाच्या दिवसांत हे काम किती जिकिरीचं आहे ते तुला सांगून समजणार नाही. अर्धं शहर एकच प्रश्न विचारतं, पाणी कधी येणार. मनकर्णाबाईंनी तर माझ्या डोक्याशी उभं राहून तो माझ्याच हातानं टाकून घेतला, आणि मी त्यांच्यादेखत 'आधीच विचारलेला' म्हणून बंद केला. बाई बघतच राहिल्या. "आरं, नळाला पाणी नाय ते नाय, आता इचारायचं बी नाय व्हय? कुणी केलं तुला एवढं मोठं?" मी म्हटलं, मावशी, हाच प्रश्न बाकीच्या गल्ल्यांनी आधी विचारलाय. "मग त्यायला उत्तर भेटलं का?" नाही भेटलं. "मग माझा बी राहू दे की उघडा. तेवढीच सोबत." आता अशा माणसांना दर्जा म्हणजे काय ते कसं समजवायचं? पण मी बधलो नाही. राखणदारानं ओळखीपाळखी बघायला सुरुवात केली की संपलं.

आता चारुता. (हे बाबांना कळता कामा नये. आईला कळलेलं आहे, पण तिला ते कळलंय हे मला कळता कामा नये असं तिचं चाललंय.) चारुता तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. राहायला इथंच शहराच्या कडेच्या सातारा परिसरात, जिथं इमारती उगवून वर आल्या आणि नळ अजून जमिनीतच आहे, सगळा कारभार टँकरवर. ती औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेत येते. मला कुठलीही परीक्षा द्यायची नाही, तरी मी तिथं तिच्या समोरची जागा घेतलीय आणि दिवसभर तिथंच बसून प्रश्न बंद करत असतो. ती मान खाली घालून लिहिते तेव्हा तिच्या कपाळावर एक बारीक आठी येते. त्या आठीबद्दल मी तुला आणखी दोन पानं लिहिली असती, पण मुद्दा राहून जाईल. एकदा तिनं विचारलं, "तू करतोस तरी काय रे इथं?" मी म्हटलं, समाजकार्य. ती हसली. त्या हसण्यावर मी पुढं बरेच दिवस काढले.

मागच्या महिन्यात तिच्या गल्लीतल्या टँकरचा प्रकार झाला, तो मी तुला फोनवर सांगितलाच होता. (तू अर्ध्यात फोन ठेवलास, म्हणून पुन्हा.) मी सहज तिकडून चाललो होतो, म्हणजे रोजच सहज जातो, तर टँकर तिच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि आत न शिरता सरळ पुढं निघाला. माणसं घागरी घेऊन ताटकळलेली, त्यांत चारुता. माझं टाळकंच फिरलं. मी हात पसरून टँकरपुढं उभा. ड्रायव्हर कडुबा नावाचा, तो खाली उतरून म्हणाला, "भाऊ, गल्लीच्या तोंडाला पाइपलाइनीचा खड्डा खंदलाय. मागून वळसा घालून ह्याच गल्लीत येऊ लागलो मी." मी म्हटलं, थापा मारू नको. "आवो, पाणी ह्यांचंच हाय!" मी म्हटलं, मग इथंच सोड, खड्ड्यावरून नळी टाक. त्यानं माझ्याकडं वरून खाली पाहिलं. म्हणाला, "बरं. ऱ्हावा मग उभं." आणि गाडी मागं घेऊन दुसऱ्या कॉलनीत निघून गेला. पुढची पाळी येईपर्यंत त्या गल्लीत थेंब नाही. पण माणसानं अन्यायापुढं उभं राहायचं असतं, आणि चारुता रिकामी घागर कमरेवर घेऊन माझ्याकडं टक लावून बघत होती. त्या बघण्याचा मी जो अर्थ काढला तो तुला आता सांगवत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साइटवर 'कोरडी घागर' या टोपणनावानं एक प्रश्न आला. (यंदा निम्म्या शहरानं असलीच नावं घेतलीत, त्यामुळं संशय यायचं कारण नव्हतं.) 'एक मुलगा मागे लागलाय. काय करू? प्लीज मदत करा.' मी लगेच बंद केला, मोघम. खाली लिहिलं, मागे लागलाय म्हणजे नेमकं काय करतो? मतं नकोत, घडलेलं सांगा. समोर चारुता मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती आणि तिला फार घाम आला होता. मी माझी पाण्याची बाटली पुढं केली. ती म्हणाली, नको. तेवढ्यात सुधारलेला प्रश्न आला, की तो मुलगा समोर बसून उसासे टाकतो, आणि परवा माझ्यासाठी म्हणून पंख्याचा वेग वाढवायला लावून सगळ्या वाचनालयाशी भांडला, वास्तविक मला पंखा कमीच हवा होता. आत्या, मला त्या मुलाचा असा संताप आला! एखादीला पंखा किती हवा हे तिला विचारावं एवढी अक्कल नको? (पंख्यावरून मीही एकदा बोललो होतो अभ्यासिकेत, पण तिथं खरोखरच उकडत होतं.) मी पुन्हा विचारलं, तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलंत? उत्तर आलं, 'परीक्षेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही असं त्याला सांगितलं, तर परीक्षा कधी आहे ते विचारून त्यानं मोबाइलमध्ये नोंदवून ठेवलं.' राखणदार नसतो तर त्याचा पत्ता मागून मी त्याच्या तंगड्या मोडल्या असत्या. पण राखणदाराला भावना नसतात. मी 'प्लीज' काढलं, 'मदत करा' काढलं, आणखी बरंच अवांतर काढलं, आणि मथळा स्वतः बेतून दिला, 'तापट मुलाला, पुन्हा आशा राहणार नाही अशा रीतीनं, नकार कसा द्यावा?' वाचून बघ. एक शब्द इकडचा तिकडं करता येणार नाही. शिक्का मारला, नमुना प्रश्न, आणि सगळ्यात वर टांगला.

उत्तरं मात्र एकापेक्षा एक भिकार आली. कुणी म्हणे दुर्लक्ष करा, कुणी म्हणे भावाला सांगा. शेवटी मीच लिहायला बसलो. लिहिलं की असल्या मुलाला स्वतः सांगायला जाऊ नका, तो पेटेल, आणि पेटला की त्याला वाटेल आपण फार प्रेम करतो. मित्राकरवी सांगू नका, मित्र चढवतात. त्याच्या घरातली अशी एक वडीलधारी बाई शोधा जिच्यापुढं त्याचा आवाज चढत नाही, तिच्याकडं स्वतः जा आणि सरळ सांगा. ती जे बोलेल ते तो मुकाट ऐकेल. लोकांनी उत्तर डोक्यावर घेतलं. काल दुपारी त्याला हिरवी खूण मिळाली, आणि खूण करणारीनं खाली लिहिलं, 'राखणदार, खूप आभार. आमचा टँकर परत पाठवला तो हाच मुलगा. पैठणला त्याची आत्या आहे, येता जाता तिचं नाव घेतो. या रविवारी एसटीनं जाऊन त्यांनाच सांगते.'

आत्या, खरं सांगतो, वाचल्यावर पहिल्यांदा मला रागच आला, की हा तपशील असा खाली लिहायचा नसतो, प्रश्नात घालायचा असतो. आणि मग हातपाय गार पडले. या उन्हात! मी मान वर करून पाहिलं तर ती समोर बसून सरासरीची गणितं सोडवत होती आणि कपाळावर आठी नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उसासे? मी उसासे टाकतो? मला श्वास लागतो, जिने चढून येतो मी! मी तसाच खाली गेलो आणि सुयशला फोन लावला, की तो प्रश्न आत्ताच्या आत्ता उतरव. तो कंपनीत जेवत होता. म्हणाला, "श्रीऱ्या, अख्ख्या साइटवर एक प्रश्न धड आहे, अन् तो काढ म्हणतोस?" मी म्हटलं, खासगी आहे. "कुणाचं? नाव ना गाव." मी म्हटलं, दर्जा बरोबर नाही. "तूच शिक्का मारलास. अन् शिक्का बसलेला प्रश्न बंद करता येत नाही, बदलता येत नाही, हा नियम कुणी भांडून करून घेतला?" मग हळूच म्हणाला, "तो पंखेवाला तू हायस का रे?" आणि हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत हसला. देव करो, त्याचा तो ठसका अजून थांबलेला नसो.

असो. बाकी विशेष काही नाही. तू कुरडया पाठवणार होतीस, मनकर्णाबाई मंगळवारी परत येतील, त्यांच्याकडं दिल्यास तर बरं. गुडघ्याला तेल लावत जा. लहानांना आशीर्वाद, काकांना नमस्कार.

तुझाच,
श्रीरंग

ता. क. कुरडयांचं काही खरं नाही, पत्राचं कारण वेगळं आहे. रविवारी तू घरी नको. कुलूप लाव आणि कुठंही जा, संध्याकाळपर्यंत परतू नकोस. माणूस भेटला नाही म्हणजे निरोप दिला गेला नाही.

ता. क. वरचं वाचू नकोस. घरी राहा. ती उन्हातून येईल, दाराला कुलूप दिसलं तर बिचारी कुठं जाईल? माठातलं पाणी दे. तिच्या घरी पाण्याचे हाल कुणामुळं झाले ते तुला माहीतच आहे. जेवूनच पाठव. ती सांगेल ते पुरतं ऐकून घे, मध्ये माझी बाजू घेऊ नकोस, मी शाळेत गणितात पहिला आलो होतो ते काढू नकोस. राखणदार मी आहे हे मात्र तिला सांगू नकोस. त्याच्यावर तिचा विश्वास आहे. मग मला काय सांगायचं ते सांग, मी ऐकेन.

ता. क. मनकर्णाबाई उद्याची पिशवी आत्ताच भरतायत आणि पत्रासाठी खालून हाका मारतायत, तरी एवढं लिहितोच. साइटवर प्रश्नाची आधीची रूपं राहतात, ती मी आज सगळी काढून वाचली. टँकरचा तपशील तिनं कुठंच घातला नव्हता. पंख्यानंतर मात्र तिनं एक वाक्य लिहिलं होतं, 'मुलगा मनानं चांगला आहे, म्हणून तर इतके दिवस सांगता आलं नाही.' त्यावर माझाच शेरा आहे, 'मत आहे, असंबद्ध, काढून टाकले.' आता ते परत घालता येत नाही. तर तिला एवढं विचार, की ते वाक्य तू मला निरोप सांगताना धरायचं का गाळायचं.