वन्संच्या कानामागचा व्रण

गुरुवार, दिवाबत्तीनंतर

आज शालूवन्संबरोबर, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेबरोबर, विरारच्या डॉक्टरांकडे गेले. काही वर्षांपूर्वी घरात कुणाला न सांगता त्यांनी ऑपरेशन करून चेहरा ओढून घेतला होता. आता गाल परत उतरले, म्हणून पुन्हा करायचंय.

डॉक्टरांनी कानामागचा व्रण चाचपला. "आत सगळं चिकटलंय. हसण्याची नस कुठे सरकली असेल सांगता येत नाही. ती दुखावली तर तोंड वाकडं होईल. मागच्या ऑपरेशनचे कागद आणा."

कागद कुठले? कुणाला कळू नये म्हणून वन्संनी ते चुलीत घातले होते.

रिक्षात मी विचारलं, "तेव्हा टाके असताना केस कुणी धुतले?"

"कोण धुणार? कानाला पिशवी बांधून मीच."

तो व्रण डोळ्यांपुढून हलत नाही. एवढा लांब, आणि आम्हाला पत्ता नाही.

घरी आल्यावर म्हणाल्या, "तू सांग वहिनी, करू का?"

नको, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग त्या पुन्हा न सांगताच गेल्या असत्या. देवा, चुकले का मी? म्हटलं, "ठरवा तुम्ही. टाके पडले तर केस मी धुऊन देईन."