प्रयागबाईची नऊ वर्षं

११ मार्च
सकाळी सकाळी अकाउंट्सच्या सुशीलसरांचं प्रवचन! "तुमची पिढी नुसती उडवणारी. पीएफ काढून मोबाईल घेता. म्हातारपणी काय खाल?" तेही हॉस्पिटलच्या सगळ्या लॅबसमोर. गुन्हा काय, तर मी विक्कीचा पीएफ काढायचा फॉर्म भरून देत होते. विक्की आमच्याच लॅबमधला. जानेवारीत नोकरी सोडली, तेव्हापासून घरीच आहे. घाम त्याचा, पैसे त्याचे — आणि परवानगी सरांची?

म्हातारपणाच्या गोष्टी मला तरी सांगू नका. चार वर्षांत तीन ठेकेदार बदलले, तीन ओळखपत्रं झाली. पुढच्या महिन्यात काम आहे की नाही ठाऊक नाही, आणि साठीची सोय करा म्हणे! विक्की बरोबर बोलला — "साठी कोनं पाहिली वं? मले आज पेट्रोल टाकाचं हाये."

पीएफ काढण्यावर खूण, पेन्शनचे पैसे काढण्यावरही खूण. दहा मिनिटांत काम झालं.

१२ मार्च
आणखी तिघांचे फॉर्म. धंतोलीतल्या अर्ध्या लॅबवाल्यांचे मीच भरते वाटतं! चार वर्षांत कोणाकोणाचे भरले, आता आठवतही नाही.

१५ मार्च
प्रयागबाई आमच्या मजल्यावरची आया. जवळजवळ बारा वर्षं उमरेडहून रोज एसटीनं येते. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली म्हणून ठेकेदारानं सांगितलं, एक तारखेपासून येऊ नका. झालं! ना निरोप, ना नारळ. डबा खाऊन माझ्याकडे आली, मोबाईल पुढे केला. "पोरी, माही पेन्शन किती बसते, पाहून दे ना वं."

पाहिलं. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. तिच्या नावावर दोन वर्षं सात महिने! बाकीची नऊ वर्षं कुठे गेली?

मग सापडलं. तीन वर्षांपूर्वी ती एसटीतून उतरताना पडली, पाय मोडला. तीन महिने घरी, ठेकेदारानं नावच काढलं. तेव्हा उपचाराला पीएफ काढला. ठीक आहे, काढावाच लागला. पण त्याच फॉर्मवर कोणीतरी पेन्शनवरही खूण केली! थोडेसे जास्त पैसे आले आणि आधीची नऊ वर्षं पुसली गेली. ती एक खूण नसती तर आज साडेअकरा वर्षं भरली असती, मरेपर्यंत दरमहा काहीतरी हातात आलं असतं.

मी ओरडलेच — "कोणत्या गाढवानं भरला हा फॉर्म?"

तिनं मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "आठवत नाही वं. जाऊ दे. तू जेवली का?"

१६ मार्च
सुशीलसरांना विचारलं, ती वर्षं परत जोडता येतील का? "एकदा काढलं की संपलं." मग प्रवचनात हे का नाही सांगितलं, सर? म्हातारपणी काय खाल, एवढंच! ती खूण करू नका, हे एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

विक्कीला फोन केला. पेन्शनचा अर्ज मागे घेता येतो का पाहू म्हटलं. "काहून डोकं खाऊन राहिली? तूच तं भरला!" आणि ठेवून दिला. मूर्ख!

१८ मार्च
ठरवलं. तो फॉर्म भरणाऱ्याला शोधायचंच. असेल कोणी नेट कॅफेवाला. धडाधड खुणा करायच्या आणि पुढचं गिऱ्हाईक! तोंडावर विचारणार — बाईच्या म्हातारपणाचं काय केलंस, कळतं का तुला? तक्रारही लिहून ठेवली आहे, फक्त नावाची जागा रिकामी.

प्रयागबाई काही केल्या सांगत नाही. "कायले त्याच्या मागं लागतं, पोरी? भल्यासाठीच केलं बिचाऱ्यानं." संताप आला. असल्या लोकांना हीच पाठीशी घालते!

२० मार्च
प्रयागबाई आज कामावर आली नाही. उमरेडला फोन केला, तिच्या मुलीनं, मायानं उचलला. म्हटलं, तू तरी त्या माणसाचं नाव सांग.

तिनं आवाज खाली आणला. मग — "ताई, तुमीच भरला होता. आई कुबड्या घेऊन तुमच्यापाशी आली होती. शंभर रुपये देत होती, तुमी घेतले नाई. आईनं सांगू नको म्हटलं. म्हणे, पोरगी रडंल."