दारापुढचं कोलम

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टर फारच खूश होते. बुबुळावरचा पांढरा डाग लेझरने काढला होता, त्याचा निकाल म्हणे उत्तम. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ मी घडाघडा वाचली. म्हटलं, "पण दिव्याभोवती कडं दिसतं. पहाटे दारात कोलम काढते तेव्हा रांगोळीचे ठिपके एकमेकांत मिसळतात." ते हसले. "तक्त्यावर तर सगळं छान येतंय, अम्मा!" मग मीच मूर्खासारखी बोलून गेले, की तरी कोलम हल्ली नीट जमतं, उन्हात बघते तेव्हा एक ठिपका चुकलेला नसतो. "बघा, आणखी काय हवं?" म्हणाले.

परतताना जिन्यात शेजारच्या मामी भेटल्या. कौतुकाने म्हणाल्या, "सून गुणाची हो तुमची. तुम्ही आत गेलात की रोज ते कोलम पुसून पुन्हा काढते."

रोज! आणि मी कॉफी पिताना तिलाच ऐकवायचे, "बघ सुमती, एक ठिपका हलला नाही." ती मान डोलवायची. कीव करत होती का माझी? पुसण्याआधी एकदा विचारायचं तरी, आई, दिसतंय का तुम्हाला? डॉक्टरांनी तक्त्याला विचारलं. हिने तेवढंही नाही.

आत्ता तिनेच केशर घालून शिरा केला, माझे डोळे बरे झाले म्हणून. मी खाल्ला आणि वाटी विसळून ठेवली.

उद्या कोलम काढून मी दारातच बसणार आहे. कुणाला हात लावू देणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला बघू दे, मला कसं दिसतं ते.